नोंदीने माणसाबरोबर चालावे

पहिले बाळंतपण माहेरी करावे, ही आपल्याकडची चाल फार जुनी आहे. ती एकट्या महाराष्ट्राची नव्हे. दक्षिणेत ती आहे, आणि देशाच्या इतरही पुष्कळ भागांत आहे. सातवा महिना लागला की लेक आईकडे येते. तिच्याबरोबर तिच्या कपड्यांची बॅग येते, सासूबाईंनी बांधून दिलेले लाडू येतात, सांभाळून राहण्याविषयीच्या शंभर सूचना येतात. परंतु सात महिने ज्या दवाखान्यात तिला तपासले, तेथील नोंद मात्र बहुधा मागेच राहते. तिचे रक्त किती होते, दाब कसा होता, कोणते इंजेक्शन कधी दिले, हे सारे माहेरच्या डॉक्टरांना नव्याने विचारावे लागते, आणि ती बिचारी आठवून आठवून सांगते.

वाचकहो, आज आपल्याशी ज्या विषयावर बोलायचे आहे, तो वरवर पाहता या घरगुती गोष्टीपासून फार दूरचा वाटेल. संगणकाच्या साहाय्याने साऱ्या देशाची आरोग्यव्यवस्था कशी सुधारता येईल, हा तो विषय. मी वैद्य नाही आणि अभियंताही नाही. मराठी विषय घेऊन बी. ए. झाले आणि गेली दहा-अकरा वर्षे दिल्लीत या मासिकाच्या मराठी आवृत्तीसाठी भाषांतर आणि संपादन करीत आहे. आरोग्यविषयक योजनांची टिपणे इंग्रजीतून किंवा हिंदीतून माझ्या टेबलावर येतात. त्यांचे आपल्या घरात समजेल असे मराठी करणे, हे माझे काम. या कामाच्या निमित्ताने जे वाचले आणि घरीदारी जे पाहिले, त्यावरून माझे एक मत बनले आहे. आरोग्याच्या क्षेत्रात सॉफ्टवेअरचे खरे काम एकच: माणूस जेथे जाईल तेथे त्याची नोंद त्याच्याबरोबर गेली पाहिजे. बाकीचे सारे त्यानंतरचे.

सॉफ्टवेअर म्हणजे काय, हे आधी साध्या शब्दांत सांगते. यंत्राने कोणत्या प्रसंगी काय करावे, याविषयी माणसाने आगाऊ लिहून ठेवलेल्या सूचना म्हणजे सॉफ्टवेअर. या अर्थाने पाहिले, तर माझी मावशी मोबाइल येण्यापूर्वीपासून असल्याच सूचनांनी काम करीत होती.

मावशी वर्धा जिल्ह्यातील एका उपकेंद्रात परिचारिका होती. गावकरी तिला नर्सबाई म्हणत. तिच्या टेबलाच्या वर भिंतीवर तिथीवारांची दिनदर्शिका टांगलेली असे. गरोदर बाई तपासणीला आली की पहिला प्रश्न शेवटच्या पाळीच्या तारखेचा. पण तारीख कोण सांगणार? कोणी म्हणे, “संक्रांत होऊन चार दिवस झाले होते.” कोणी म्हणे, “गौरी उठल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी.” मावशी दिनदर्शिकेची पाने उलटून त्या सणाची तारीख काढी आणि तिच्यात नऊ महिने सात दिवस मिळवी. लोकांच्या तोंडी नऊ महिने नऊ दिवस असतात. वैद्यकाचा हिशेब पाळीच्या पहिल्या दिवसापासून दोनशे ऐंशी दिवसांचा. आलेली तारीख ती लाल शाईने नोंदवहीत लिही, आणि दर सोमवारी लाल तारखांवरून बोट फिरवून या आठवड्यात कोणाच्या घरी जायचे ते ठरवी. संगणकावरचा कार्यक्रम यापेक्षा निराळे काही करीत नाही. तो तारीख मोजतो, दिवस जवळ आला की आठवण करून देतो, आणि एखादी बाई तपासणीला आली नाही तर तिचे नाव पुढे आणून ठेवतो. फरक एवढाच, की मावशीची वही तिच्या उपकेंद्राच्या कपाटात राही. बाई माहेरी गेली की लाल शाईची ती तारीख कोणाच्याच उपयोगाची नसे.

आपल्या आरोग्यव्यवस्थेचा सांगाडा मोठ्या विचाराने उभारलेला आहे. भोर समितीने १९४६ साली आपला अहवाल दिला, आणि २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामूहिक विकास कार्यक्रमाबरोबर प्राथमिक आरोग्य केंद्रे उघडू लागली. सपाट प्रदेशात तीस हजार लोकवस्तीमागे एक प्राथमिक केंद्र आणि पाच हजारांमागे एक उपकेंद्र, डोंगराळ आणि आदिवासी भागांत वीस हजारांमागे आणि तीन हजारांमागे, असे त्याचे प्रमाण पुढे ठरले. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि गावोगाव आशाताई आल्या. ही सारी रचना गृहीत धरते की माणूस आपल्या गावी राहतो. आता माणूस एका जागी राहत नाही. मराठवाड्यातला ऊसतोड कामगार वर्षातले काही महिने पश्चिम महाराष्ट्रात वा कर्नाटकात असतो; बिहारचा गवंडी केरळात असतो. माणसे हलली, वह्या मात्र जागच्या जागी राहिल्या.

या अडचणीची जाणीव राज्यकर्त्यांना नव्हती असे नाही. डिसेंबर २००९ मध्ये देशभरातील गरोदर माता आणि बालके यांची नावानिशी नोंद ठेवणारी संगणकप्रणाली सुरू झाली. पुढे तिची जागा आरसीएच पोर्टलने घेतली. प्रत्येक मातेला एक क्रमांक मिळू लागला. परंतु क्रमांक मिळाला म्हणजे माणूस सापडतोच असे नाही. आपल्या देशातील नावांचा प्रश्न मोठा नाजूक आहे. लग्न झाले की मराठी स्त्रीच्या नावापुढे वडिलांच्या जागी पतीचे नाव येते, आडनाव बदलते, काही घरांत तर नावही बदलते. तामिळ स्त्रीला पुष्कळदा आडनावच नसते. असते ते आद्याक्षर. लक्ष्मी हे एकच नाव इंग्रजी लिपीत दोन-तीन प्रकारांनी लिहिले जाते. सासरी एका वळणाने आणि माहेरी दुसऱ्या वळणाने नोंदलेली तीच लेक संगणकाच्या दृष्टीने दोन बायका होतात. एकीची तपासणी झालेली, पण प्रसूती झालेली नाही. दुसरीची प्रसूती झालेली, पण तपासणी कधीच नाही! आडनावाचा रकाना सक्तीचा करणाऱ्या अभियंत्याच्या मनात वाईट हेतू नसतो. त्याने फक्त आपल्याच घरातील नावे डोळ्यांपुढे ठेवलेली असतात.

या प्रश्नाचे गांभीर्य मला आकड्यांनी शिकवले नाही. ते आमच्या घरी धुणेभांडी करायला येणाऱ्या बाईने शिकवले. ती मूळची बुंदेलखंडातली. दिल्लीतल्या एका दवाखान्यात तिचे नाव घातले होते. एक दिवस तिथला कागद घेऊन ती माझ्याकडे आली. “दीदी, यात काय लिहिलंय ते वाच. सुई घ्यावी लागेल म्हणतात, कशाची ते सांगत नाहीत.” कागदावर तिचा रक्तगट होता आणि त्यापुढे आर-एच निगेटिव्ह असे लिहिले होते. आईचे रक्त निगेटिव्ह आणि बाळाचे पॉझिटिव्ह असले, तर आईच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध द्रव्ये तयार होऊ शकतात. पहिल्या मुलाला बहुधा काही होत नाही. पण पुढच्या मुलाच्या जिवावर बेतू शकते. प्रसूतीनंतर बहात्तर तासांच्या आत आईला एक विशिष्ट इंजेक्शन दिले की हा धोका बहुतांशी टळतो. हे मी तिला जमेल तसे समजावून सांगितले. तिने कागद माझ्याजवळच ठेवायला दिला. तिच्या खोलीत पावसाचे पाणी येत असे. पुढे अचानक सासऱ्यांच्या आजारपणामुळे ती गावी गेली आणि तिथेच, दिवस भरण्याच्या जरा आधी, बाळंत झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या नवऱ्याचा फोन आला. रात्री गडबडीत प्रसूती झाली होती. केंद्रात रक्त तपासणारा माणूस त्या दिवशी नव्हता. बाई एकच गोष्ट सारखी सांगत होती, की कसलीशी सुई घ्यायची आहे आणि तिचा कागद दिल्लीत दीदींपाशी आहे. मी कागदाचे छायाचित्र मोबाइलवरून पाठविले आणि तिथल्या परिचारिकेशी बोलले. तिने ते पाहिले मात्र, लगेच जिल्हा रुग्णालयात जाण्याची व्यवस्था केली. बाळाचे रक्त पॉझिटिव्ह निघाले. इंजेक्शन वेळेत मिळाले. आज तिला दुसरी मुलगी आहे आणि ती धडधाकट आहे.

ऐकणारे म्हणतात, चांगले झाले. चांगले झालेच, पण माझ्या मनाला ते समाधान पुरत नाही. माझ्या खणात कागद होता, मी त्या वेळी घरी होते, तिच्या नवऱ्याच्या मोबाइलमध्ये पैसे होते आणि ती परिचारिका कर्तव्यदक्ष होती. एवढे सारे योग जुळून आले म्हणून एका मुलीचा जीव सुरक्षित राहिला. एका कुटुंबाचे दैव म्हणून हे ठीक आहे. कोट्यवधी कुटुंबांच्या देशाला असल्या योगायोगांवर विसंबता येणार नाही.

२७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा मूळ हेतू हाच आहे. ज्याची इच्छा असेल त्याला चौदा अंकी आरोग्य क्रमांक मिळतो. त्याला ‘आभा’ म्हणतात. पुष्कळांची समजूत अशी, की आपले सारे कागद दिल्लीतल्या एका मोठ्या कपाटात जाऊन पडतात. तसे नाही. नोंद ज्या रुग्णालयात झाली तेथेच राहते. क्रमांकामुळे तिचा पत्ता कळतो, आणि आपण संमती दिली तरच दुसऱ्या डॉक्टरला ती पाहता येते. कल्पना उत्तम आहे. परंतु तिचे फळ दिल्लीत ठरत नाही. बुंदेलखंडातल्या केंद्रात ती नोंद उघडते की नाही, यावर ते ठरते.

सॉफ्टवेअर नीट रचले तर काय होऊ शकते, याचे एक उदाहरण मला फार आवडते. लस ही मोठी मानी वस्तू आहे. बहुतेक लसी दोन ते आठ अंश सेल्सियस एवढ्या थंडाव्यात ठेवाव्या लागतात. ऊन लागले तर त्या निकामी होतात, आणि काही लसी गोठल्या तरीही निकामी होतात. पूर्वी कर्मचारी दिवसातून दोनदा शीतपेटीचे तापमान पाहून वहीत लिहीत. रात्री वीज गेली आणि पहाटे आली, तर वहीला त्याचा पत्ता नसे. २०१५ पासून ‘ई-विन’ नावाची व्यवस्था निरनिराळ्या राज्यांत येऊ लागली. शीतपेटीत एक लहानसा तापमापक बसवितात. तो ठराविक वेळाने तापमान कळवितो, आणि ते मर्यादेबाहेर गेले की संबंधितांच्या मोबाइलवर संदेश येतो. लसीच्या किती कुप्या आल्या, किती वापरल्या, किती उरल्या, हे कर्मचारी मोबाइलवर भरतो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी बसलेल्या अधिकाऱ्याला ते दिसते. एका केंद्रात कुप्या मुदतबाह्य होत आहेत आणि शेजारच्या केंद्रातून माता परत जात आहेत, असे होऊ नये म्हणून ही योजना. यात नवल असे काही नाही. योग्य माणसाला योग्य वेळी खरी बातमी मिळते, इतकेच. पण ज्या बाळाला ती लस टोचली, त्याच्या आईला त्याचे मोल विचारा.

याच पायावर पुढे ‘को-विन’ उभे राहिले. १६ जानेवारी २०२१ रोजी कोरोनाची लस देण्यास आरंभ झाला. २१ ऑक्टोबर २०२१ रोजी शंभर कोटी आणि १७ जुलै २०२२ रोजी दोनशे कोटी मात्रा पूर्ण झाल्या. एवढ्या मात्रांचा हिशेब वह्यांवर ठेवता आला नसता, हे कोणीही मान्य करील. तथापि त्या पहिल्या महिन्यांत जे उणे दिसले, तेही विसरता कामा नये. अठरा ते चव्वेचाळीस वर्षे वयाच्या लोकांची नोंदणी २८ एप्रिल २०२१ रोजी सुरू झाली, तेव्हा ती घरूनच संगणकावर किंवा मोबाइलवर करणे भाग होते, आणि पोर्टलची भाषा इंग्रजी होती. आमच्या इमारतीच्या पहारेकऱ्याला, समोरच्या इस्त्रीवाल्याला, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला ती कशी वाचता यावी? त्या आठवड्यांत शेजारपाजारच्या कित्येकांची नावे मी माझ्या मोबाइलवरून भरली. ३१ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हाच प्रश्न सरकारपुढे ठेवला, की ज्याच्याजवळ साधने नाहीत त्याने काय करावे. तोवर २४ मेपासून सरकारी केंद्रांवर प्रत्यक्ष जाऊन नाव घालण्याची मुभा मिळाली होती, आणि जूनमध्ये मराठीसह अनेक भारतीय भाषांत पोर्टल खुले झाले. आणखी एक गोष्ट घडली होती. वेळ ठरवूनही जे केंद्रावर गेले नव्हते, अशा काहींना लस मिळाल्याचे संदेश आले. म्हणून ८ मे २०२१ पासून चार अंकी गुप्त क्रमांक दाखविल्याशिवाय नोंद होऊ नये, असा नियम घालण्यात आला.

यातून मी दोन धडे घेते. एक असा, की सॉफ्टवेअर पहिल्या दिवशी पुरे होत नाही; लोकांच्या तक्रारी ऐकून ते घडत जाते, आणि जे ऐकत नाही ते मोडीत निघते. दुसरा धडा माझ्या व्यवसायाचा आहे. भाषा ही सर्व काम झाल्यावर वरून लावायची रंगसफेदी नव्हे. संमती, मात्रा, वावडे, रक्तगट हे शब्द ज्याला कळत नाहीत, त्याच्यापुढे बटण ठेवून उपयोग काय? प्रश्नच न कळता दिलेले उत्तर नोंदीत खोटी माहिती भरते, आणि आजारपणात खोटी माहिती कोऱ्या कागदापेक्षा घातक असते.

आता पुन्हा मावशीकडे वळते. सेवानिवृत्तीच्या आधीची दोन वर्षे तिच्या हातात टॅब्लेट आला. परिचारिकांसाठी ‘अनमोल’ नावाचे ॲप २०१६ साली निघाले, त्याच सुमाराची ही गोष्ट. मला वाटले, मावशी कंटाळली असेल. ती म्हणाली, “अगं, टॅब्लेट चांगला आहे. तारीख तोच काढतो, अक्षर लागत नाही म्हणून कोणी बोलत नाही. पण वह्या काही बंद झाल्या नाहीत! दिवसा वहीत लिहायचं आणि रात्री घरी जाऊन तेच टॅब्लेटात भरायचं.” या तिच्या बोलण्यात आपल्या देशातील बऱ्याच प्रणालींचे मर्म आले आहे. वरच्या कार्यालयाला आकडे हवे असतात, म्हणून खालच्या माणसाकडून ते भरून घेतले जातात. त्या आकड्यांतून तिला स्वतःला काय मिळाले, हे कोणी विचारीत नाही. ज्या दिवशी नवे सॉफ्टवेअर येईल, त्या दिवशी निदान एक वही तरी बंद झाली पाहिजे. परिचारिकेचा वाचलेला तास तिने मातेपाशी बसून घालवावा, याचसाठी तर हा सारा खटाटोप आहे.

मात्र कागद अजिबात टाकून द्यावा, असेही मी म्हणणार नाही. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेच्या संगणकांवर दूरवरून हल्ला झाला, आणि नोंदणीपासून अहवालांपर्यंतची कामे काही दिवस हाताने करावी लागली. देशातील अग्रगण्य रुग्णालयाची ही स्थिती, तर लहान रुग्णालयांनी किती सावध असावे, हे सांगायला नको. आपल्या आजाराची बातमी ही आपली खाजगी ठेव आहे. तिचे रक्षण करणे हे सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचे पहिल्या दिवसापासूनचे काम आहे. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने केला, तो याच जाणिवेतून.

दूर अंतरावरील वैद्याचा सल्ला मिळवून देणारी ‘ई-संजीवनी’ही आपण ऐकली असेल. मोहालीच्या सी-डॅक संस्थेने ती तयार केली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती सुरू झाली, आणि एप्रिल २०२० पासून घरबसल्याही सल्ला मिळू लागला. फेब्रुवारी २०२३ पर्यंत तिच्याद्वारे दहा कोटी सल्ले दिले गेले. परंतु पडद्यावरचा डॉक्टर नाडी पाहू शकत नाही. त्याला रुग्णाचा पूर्वेतिहास तरी दिसला पाहिजे. म्हणजे येथेही प्रश्न नोंदीचाच.

सरकारने काय करावे आणि अभियंत्यांनी काय करावे, हे सांगून झाले. आपण गृहिणींनी आणि गृहस्थांनी काय करावे, तेही सांगते. कारण नोंदीचा आरंभ आपल्याच घरात होतो. घरातल्या प्रत्येकाचे नाव सर्व कागदांवर एकाच वळणाने लिहावे. लेक माहेरी निघाली की लाडवांच्या डब्याबरोबर तिचे माता-बाल संरक्षण कार्ड बॅगेत गेले की नाही ते पाहावे, आणि प्रत्येक पानाचे छायाचित्र दोघातिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावे. रक्तगट आणि न सोसणारे औषध ही दोन नावे घरातील सर्वांना पाठ असावीत. आभा क्रमांक घेतला असेल तर केसपेपर काढताना तो सांगावा. संमती मागितली गेली, तर कशासाठी आणि किती दिवसांसाठी, हे विचारल्यावाचून होकार देऊ नये. ज्यांना वाचता येत नाही, त्यांना शेजाऱ्याने वाचून दाखवावे.

आणि आपल्यापैकी कोणाचा मुलगा किंवा मुलगी सॉफ्टवेअर लिहिण्याच्या धंद्यात असेल, तर त्यांना माझा एक निरोप द्यावा. एखादा दिवस रजा काढून त्यांनी कोणत्याही उपकेंद्रात नर्सबाईंच्या शेजारी खुर्ची टाकून बसावे. कोणती बाई कोणत्या सणावरून आपली तारीख सांगते, ते ऐकावे. त्यानंतर लिहिलेला कार्यक्रम नक्कीच अधिक चांगला होईल.